एक पत्ता, दोन दावेदार

हजेरीचे नवे कोरे थंब मशीन खोक्यातून बाहेर काढले की त्याच्यात एक आकडा आधीच भरलेला असतो. झेडकेटेको कंपनीच्या बहुतेक यंत्रांत तो १९२.१६८.१.२०१ असा असतो. कॅमेऱ्यांचेही तसेच. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्याला कारखान्यातून मिळणारा पत्ता १९२.१६८.१.६४, दाहुआच्या कॅमेऱ्याला १९२.१६८.१.१०८. यंत्र एकच असेल तोवर काही बिघडत नाही. पण फाटकावर एक आणि ऑफिसच्या दारात दुसरे अशी दोन थंब मशीन एकाच दिवशी बसवली आणि पत्ते बदलायचे राहून गेले, तर हजेरी उतरवून घेणारा संगणक कधी या यंत्राशी बोलतो, कधी त्या. दोन्ही यंत्रांवर हिरवा दिवा लागलेला असतो, कामगार अंगठा लावतात, यंत्र धन्यवाद म्हणते. गडबड कळते ती पगार काढायच्या वेळी, काही जणांचे दिवसच्या दिवस भरलेले दिसत नाहीत तेव्हा.

एकाच नेटवर्कवर दोन यंत्रांनी एकच आयपी पत्ता धरून बसणे, याला या धंद्यातली माणसे ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ किंवा नुसते ‘आयपी क्लॅश’ म्हणतात. दोष तसा छोटा, दुरुस्ती पाच मिनिटांची. शोधायला मात्र कधी कधी दोन दिवस जातात, कारण हा दोष एका जागी थांबत नाही.

खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांना हे समजून घेण्याची आता खरी गरज आहे. सावरोलीहून खारपाड्याकडे जाणारा रस्ता एका टोकाला द्रुतगती मार्गाच्या जवळ आणि दुसऱ्या टोकाला मुंबई-गोवा महामार्गाजवळ पोचतो. या पट्ट्यात कारखाने आणि गोदामे उभी राहिली. गोदाम म्हटले की फाटकावर वजनकाटा, काट्याशेजारी संगणक, छपराखाली कॅमेरे, आत बारकोडचे प्रिंटर, ऑफिसात हिशेबाचा सर्व्हर आणि सगळ्यांच्या खिशात फोन. हे सारे एकाच लॅनवर, म्हणजे त्या जागेच्या अंतर्गत नेटवर्कवर. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. त्यामुळे पंचायतीच्या टेबलावरही संगणक, प्रिंटर, राउटर आणि कॅमेरा आले. पण अशा बहुतेक ठिकाणी नेटवर्क सांभाळायला कायमचा माणूस नसतो. खोपोली, कर्जत किंवा पनवेलहून कुणी तंत्रज्ञ येतो, तोवर कुणीतरी एखादे यंत्र बंद केलेले असते आणि सगळे आपोआप सुरळीत चालू झालेले असते. तो बघतो, काही सापडत नाही, निघून जातो. संध्याकाळी पुन्हा तेच.

आता हा पत्ता म्हणजे काय ते पाहू. आज सर्वत्र रुळलेली आयपीची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये मुक्रर झाली. तिच्यात एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जगातल्या यंत्रांना ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पट्टे खासगी वापरासाठी नव्याने निश्चित करून देण्यात आले. त्यातला १९२.१६८ने सुरू होणारा पट्टा ६५,५३६ पत्त्यांचा. घरात आणि छोट्या ऑफिसात दिसतो तो बहुधा हाच. हे पत्ते कुणीही, कुणालाही न विचारता वापरावेत असे ठरले. म्हणून कर्जतच्या एका घरातला संगणक आणि खोपोलीच्या दुकानातला संगणक, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.२० असला तरी काहीच अडत नाही. दोघांची नेटवर्के वेगळी आहेत, मधे आपापले राउटर आहेत. अडते ते एकाच स्विचला, एकाच वायफायला जोडलेल्या दोघांचे.

खासगी पत्त्यांची ही मुभा मोठीच सोय ठरली. पण तिच्याबरोबर एक जबाबदारी गुपचूप वापरणाऱ्याकडे आली. सार्वजनिक पत्त्यांची नोंद ठेवायला जगात संस्था आहेत. खासगी पत्त्यांची नोंद ठेवायला कुणीही नाही. गोदामाच्या नेटवर्कात कुठला आकडा कोणाचा, हे त्या गोदामातल्या माणसांनीच ठरवायचे आणि त्यांनीच लक्षात ठेवायचे.

दोन यंत्रांची टक्कर होते तरी कशी, हे कळायला आणखी एक पत्ता माहीत हवा. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. आयपी पत्ता माणूस देतो आणि बदलतो. मॅक पत्ता सहसा यंत्राबरोबर जन्मभर राहतो. लॅनवरचा साधा स्विच आयपी पत्ता वाचतच नाही. तो मॅक पत्ता बघून माल त्या त्या तारेवर ढकलतो. म्हणजे काट्यावरच्या संगणकाला १९२.१६८.१.२० या सर्व्हरशी बोलायचे असेल, तर आधी त्या आयपीमागचा मॅक पत्ता शोधावा लागतो.

हे शोधण्याची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली. तिचे नाव आर्प. रीत अगदी सरळ आहे. संगणक सगळ्या लॅनला ऐकू जाईल असा प्रश्न टाकतो: १९२.१६८.१.२० कोणाकडे आहे? ज्याच्याकडे तो आयपी आहे तो आपला मॅक पत्ता कळवतो. विचारणारा ती जोडी स्मरणात टिपून ठेवतो आणि कामाला लागतो. उत्तर देणारा खरा की खोटा, हे तपासण्याची कसलीही तरतूद या रीतीत नाही. दोघांनी उत्तर दिले तर नंतर आलेले उत्तर आधीच्या नोंदीवर लिहिले जाते. काही प्रणाली पहिले उत्तर क्षणभर धरून ठेवतात, पण कुणाचे खरे याचा निवाडा कुणीच करत नाही.

दोष जागा का बदलतो, तेही इथेच कळते. टिपून ठेवलेली जोडी काही काळाने शिळी ठरते. विंडोज किंवा लिनक्सच्या संगणकात ती साधारण १५ ते ४५ सेकंदांत पुन्हा तपासायला निघते. सिस्कोच्या राउटरमध्ये मूळ मुदत ४ तासांची असते. त्यामुळे एकाच वेळी काट्यावरचा संगणक खऱ्या सर्व्हरकडे जात असतो, ऑफिसातला संगणक त्याच पत्त्यावरच्या प्रिंटरकडे, आणि राउटर तासन्‌तास जुन्याच समजुतीवर चालत असतो. एक म्हणतो नेट चालू आहे, दुसरा म्हणतो बंद आहे; दोघेही खरे बोलत असतात. चालू असलेले काम मधेच तुटते त्याचेही कारण हेच. सर्व्हरशी जुळलेल्या संभाषणाचा पुढचा तुकडा प्रिंटरकडे पोचतो, प्रिंटरला त्या संभाषणाचा पत्ताच नसतो, आणि तो ‘जोडणी बंद’ असे कळवून टाकतो. काट्यावर गाडी चढलेली, पावती अर्धवट, मागे ट्रकांची रांग.

यावर इलाज शोधला गेला नाही असे नाही. ॲपलमधले अभियंते स्टुअर्ट चेशर यांनी लिहिलेले टक्कर ओळखण्याचे नियम जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार नवा पत्ता वापरण्यापूर्वी यंत्राने तीनदा विचारायचे: हा पत्ता कुणाकडे आहे का? विचारताना स्वतःचा आयपी शून्य ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या नोंदी बिघडत नाहीत. कुणाचेच उत्तर आले नाही, तर पत्ता आपला झाल्याचे दोनदा जाहीर करायचे. विंडोज अशी तपासणी करते. पत्ता दुसऱ्याकडे असल्याचे दिसले तर पडद्यावर इशारा देते आणि पुष्कळदा १६९.२५४ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेऊन बसते. संगणकावर असा पत्ता दिसला की अनुभवी तंत्रज्ञाच्या मनात दोनच शंका येतात: पत्ते वाटणाऱ्या राउटरपर्यंत आवाज पोचत नाही, किंवा टक्कर आहे. अडचण अशी की स्वस्तातले कॅमेरे, थंब मशीन, जुने प्रिंटर यांतले पुष्कळजण हा प्रश्न विचारतच नाहीत. ते सुरू होतात आणि ठोकून दिलेला पत्ता वापरू लागतात.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा, ते वजनकाट्याच्याच उदाहरणाने पाहू. समजा सर्व्हर १९२.१६८.१.२० वर आहे आणि काट्यावरचा संगणक दर थोड्या वेळाने त्याच्यापासून तुटतो. पहिली चाचणी साधी आहे. काट्यावरच्या संगणकावरून त्या पत्त्याला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणारा आदेश, लावून ठेवायचे आणि कुणालातरी सर्व्हरची केबल काढायला सांगायचे. सर्व्हर तारेवरून उतरला आणि तरीही उत्तरे येत राहिली, किंवा थोडी थांबून पुन्हा सुरू झाली, तर दुसरा दावेदार आहे हे सिद्ध झाले. इथपर्यंत कसलेही महागडे साधन लागत नाही.

उत्तरे आली नाहीत म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. पुष्कळ संगणकांची सुरक्षाभिंत पिंगला उत्तर देऊ देत नाही. मात्र आयपीवर चालणाऱ्या यंत्राला लॅनवर काम करायचे तर आर्पला उत्तर द्यावेच लागते. म्हणून पिंग केल्यावर लगेच त्याच संगणकावर ‘आर्प’ हा आदेश ‘-ए’ जोडून चालवायचा आणि २० क्रमांकासमोर कुठला मॅक पत्ता दिसतो ते कागदावर उतरवायचे. सर्व्हरचा स्वतःचा मॅक पत्ता ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश ‘/ऑल’ जोडून चालवला की कळतो. दोन आकडे जुळले नाहीत तर दिसतो आहे तो घुसखोराचा मॅक. सर्व्हर पुन्हा जोडून, जुनी नोंद पुसून हेच काही वेळा केले की कधी हा मॅक, कधी तो, असा खेळ कागदावर स्पष्ट उमटतो. लिनक्स वापरणाऱ्यांकडे ‘आर्पिंग’ नावाचे साधन असते. ते थेट आर्पनेच विचारते आणि कोणकोणत्या मॅकवरून उत्तर आले ते दाखवते. वायरशार्क हे नेटवर्कची रहदारी वाचणारे साधन तर अशी जोडी दिसताच स्वतःहून खूण करते. विंडोजच्या प्रणाली-नोंदीतही ४१९९ क्रमांकाची घटना सापडू शकते, आणि तिच्यात समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता लिहिलेला असतो. ही नोंद पाहायची आठवण फार थोड्यांना होते. झाली तर निम्मा शोध तिथेच संपतो.

मॅक पत्ता हाती आला की यंत्राचे कूळ कळते. त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाचे असतात. आयईईई ही संस्था ते कंपन्यांना वाटून देते आणि त्यांची यादी कुणालाही पाहता येते. पहिल्या सहा अक्षरांवरून यंत्र कॅमेरा बनवणाऱ्याचे आहे की प्रिंटर बनवणाऱ्याचे, एवढे तरी सहसा ठरते. एक सावधगिरी मात्र हवी. अँड्रॉइडची दहावी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि आयफोनची चौदावी प्रणाली २०२० मध्ये. तेव्हापासून फोन वायफायला खरा मॅक न सांगता बनवलेला मॅक सांगतात. अशा मॅकचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. ते दिसले तर उत्पादकांच्या यादीत वेळ घालवू नये. बहुधा कुणाचा तरी फोन किंवा लॅपटॉप आहे असे समजून वायफायच्या बाजूने शोध घ्यावा.

यंत्र कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. व्यवस्थापन करता येणारा स्विच असेल तर त्याच्या तक्त्यात कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे ते सरळ वाचता येते; त्या पोर्टची तार धरून चालत गेले की यंत्र सापडते. वायफायवरचे यंत्र राउटरच्या ‘जोडलेली उपकरणे’ या यादीत मॅकसह दिसते. पण छोट्या गोदामात आठ-सोळा पोर्टचा साधा स्विच असतो आणि तो काहीच सांगत नाही. तिथे सर्व्हर तारेवरून उतरवून, पिंग चालू ठेवून एकेक केबल काढायची. ज्या केबलने उत्तर थांबले, गुन्हेगार त्या तारेवर. एका स्विचमागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा असेल तर हेच प्रत्येक ठिकाणी करायचे. काम सुरू असताना हे करू नये. जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी बदलताना करावे, आणि काढलेली प्रत्येक केबल त्याच पोर्टमध्ये परत जाईल यासाठी आधी खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात.

टक्कर मुळात का होते, याची कारणे थोडीच आहेत, पण ती पुन्हा पुन्हा भेटतात. पत्ते आपोआप वाटण्याची पद्धत, डीएचसीपी, १९९३ मध्ये आली. तिची आजची रूपरेषा राल्फ ड्रॉम्स यांनी मार्च १९९७ मध्ये लिहिलेली आहे. राउटर ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो आणि मुदत संपण्याआधी यंत्र ती वाढवून घेते. आता अनेक राउटर १०० ते १९९ हे आकडे वाटण्यासाठी ठेवतात. कुणी कॅमेऱ्याला कारखान्याचा १०८ तसाच राहू दिला तर तो बरोबर याच वाटपाच्या टोपलीत बसतो. राउटरला याची खबर नसते. पत्ता देण्यापूर्वी पिंग करून पाहावे असे नियम सुचवतो, पण त्या क्षणी कॅमेरा बंद असेल तर उत्तर कोण देणार? राउटर १०८ एखाद्या लॅपटॉपला देऊन टाकतो, आणि कॅमेरा सुरू झाला की टक्कर.

वीज गेल्या-आल्याने हेच घडते. खालापूरच्या पावसात वीज जाणे नवे नाही. कितीतरी साधे राउटर वाटलेल्या पत्त्यांची यादी फक्त तात्पुरत्या स्मरणात ठेवतात. वीज गेली की यादी पुसली. यूपीएसवर किंवा बॅटरीवर चालू राहिलेला लॅपटॉप मात्र जुनाच पत्ता धरून असतो. राउटर परत येतो, यादी कोरी पाहतो आणि तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. वीज आल्यानंतरच्या पहिल्या तासात तक्रारी वाढत असतील तर या कारणाकडे आधी बघावे.

हे फक्त स्वस्त यंत्रांचे दुखणे नाही. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा पहिला आयपॅड बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नेटवर्क चालवणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही आयपॅड पत्त्याची मुदत संपल्यावरही, ती वाढवून न घेता, तोच पत्ता वापरत राहत होते. मधल्या काळात विद्यापीठाच्या सर्व्हरने तो पत्ता दुसऱ्याला दिलेला असे. विद्यापीठाने असे आयपॅड काही काळ नेटवर्कबाहेर ठेवले आणि आपली निरीक्षणे जाहीर मांडली. त्यांना हे नेमके पकडता आले, कारण कुठला पत्ता कुठल्या मॅकला, कधी आणि किती वेळासाठी दिला, याची नोंद त्यांच्याकडे होती.

सगळ्यात मोठे नुकसान करणारी टक्कर राउटरच्या पत्त्याची. गोदामाच्या मागच्या बाजूला रेंज येत नाही म्हणून कुणी घरचा जुना राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टात केबल खोचतो. तोही १९२.१६८.१.१ आणि मुख्य राउटरही १९२.१६८.१.१. इंटरनेटकडे जाणारी प्रत्येक विनंती आता दोन दारांपैकी कुठल्याही दारावर जाते, आणि नवा राउटर स्वतःच्या मर्जीने पत्ते वाटू लागतो तो त्रास वेगळाच. असा राउटर जोडायचाच असेल तर आधी त्याचा पत्ता बदलावा आणि त्याचे डीएचसीपी बंद करावे. आर्पच्या याच भोळेपणाचा फायदा घेऊन कुणी मुद्दाम राउटरचा पत्ता आपला म्हणून सांगू शकतो आणि मधे बसून रहदारी वाचू शकतो. मोठ्या कारखान्यांतले स्विच राउटरने दिलेल्या पत्त्यांची यादी स्वतःजवळ ठेवतात आणि तिच्याशी न जुळणारी आर्प उत्तरे अडवतात, ते यासाठीच.

उपाय करताना घाईने कुठलाही रिकामा वाटणारा आकडा देऊ नये. आज उत्तर न देणारा पत्ता कदाचित रात्रपाळीतल्या बंद संगणकाचा असतो. आधी पट्टे पाडावेत. उदाहरणार्थ १ ते १९ राउटर, स्विच आणि सर्व्हरसाठी, २० ते ३९ प्रिंटर आणि काट्यासाठी, ४० ते ९९ कॅमेरे आणि थंब मशीनसाठी, आणि १०० ते १९९ राउटरला वाटण्यासाठी. शक्य असेल तिथे यंत्रावर पत्ता ठोकण्याऐवजी राउटरमध्येच त्या मॅकसाठी आकडा राखून ठेवावा, म्हणजे सगळी मांडणी एका जागी राहते. नवी यंत्रे एकाच वेळी न जोडता एकेक जोडावीत आणि पहिल्याचा पत्ता बदलल्याशिवाय दुसऱ्याला केबल लावू नये.

आणि हे सगळे लिहून ठेवावे. जमिनीच्या व्यवहारात कुठला गट कोणाच्या नावावर हे सातबारा सांगतो, तसा नेटवर्कचा सातबारा मालकालाच लिहावा लागतो. रकाने पाच पुरेत: आयपी पत्ता, मॅक पत्ता, यंत्र कुठले, कुठे बसवले, स्विचचा कितवा पोर्ट. शाळेच्या संगणक खोलीत किंवा पंचायतीच्या कार्यालयात तर हे काम एका दुपारचे आहे. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून परत पाठवण्यापेक्षा ही एक दुपार फार स्वस्त पडते.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता घेण्यापूर्वी दुसरा कुणी तो वापरत नाही ना हे पाहणे नियमातच आहे. २००७ मधले तिचे दस्तऐवज तसे स्पष्ट सांगतात. तिच्यातल्या पत्त्यांची संख्याही इतकी अफाट आहे की यंत्रांनी आपापले निवडलेले पत्ते जुळण्याची शक्यता फारच कमी. पण गोदामातले जुने कॅमेरे आणि थंब मशीन आणखी बरीच वर्षे चौथ्या आवृत्तीवरच चालणार आहेत. तोवर कुंभिवलीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक मालकाने आणि सरपंचाने कॅमेरे किंवा इंटरनेट बसवणाऱ्या ठेकेदाराकडून बिलासोबत या पाच रकान्यांच्या तक्त्याची छापील प्रत मागून घ्यावी, आणि ती हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.